दहाव्याचा बर्गर

नालवाडीत आता वच्छलाबाईला कोणी भजनाला बोलावत नाही. गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर टाळ सुरू होतात. बाया सतरंज्या काखेत मारून निघतात, तिच्या दुकानासमोरूनच जातात, आणि दुकानाकडे न बघता जातात. पूर्वी त्यातली प्रत्येक जण हाक मारल्याशिवाय पुढे जात नसे. आता साखर, चहापत्ती, माचिस लागली तर पोरांना पाठवतात. दुकान कोणी सोडलेलं नाही, पुड्यातल्या साखरेला विटाळ लागत नाही. तिच्या घरचं पाणी मात्र कोणी पीत नाही.

गोष्ट एका बर्गरची आहे. ऐकणाऱ्याला हसू येतं. नालवाडीतही आधी सगळे हसलेच होते.

वच्छलाबाई माहेरची आष्टीची. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. प्रफुल शाळेत आणि दिपाली अजून कडेवर असताना तो कावीळ होऊन गेला. दहाव्याला पवनारला धाम नदीवर सगळे जमले. भाताचा पिंड मांडला, वडे ठेवले, खीर ठेवली, त्याची तंबाखूची डबीसुद्धा ठेवली. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. लोक हात जोडून एकेक वचन देऊ लागले, लेकरांना शिकवू, बायकोला अंतर देणार नाही, घर विकणार नाही. कावळ्यानं पंख साफ केले. ऊन चढलं, म्हातारी माणसं चक्कर येऊन खाली बसायला लागली, तेव्हा महाराजांनी दर्भाच्या काड्या वळून कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. "शिवला," ते म्हणाले. सगळे आंघोळीला उतरले.

गवताचा कावळा. तो वच्छलाबाईच्या मनातून कधी गेला नाही. माणूस कशात तरी अडकून गेला आणि कशात ते आपल्याला कळलं नाही, हे तिनं पुढे आयुष्यभर उलटून-पालटून पाहिलं. भाकर थापताना पाहिलं, दुकानात तूरडाळ मोजताना पाहिलं. त्याच वर्षी तिनं तुळशीची माळ घातली. बाहेरचं खाणं सोडलं. हॉटेलातला चहासुद्धा नाही. घराच्या पुढच्या खोलीत किराण्याचं दुकान टाकलं आणि दोन लेकरं मोठी केली.

प्रफुल मोठा झाला तो असा की घरात शिरला की घर बोलायला लागे. बारावीनंतर इकडेतिकडे नोकऱ्या करून शेवटी तो हॉटेलांचं जेवण घरोघरी पोहोचवायच्या कामाला लागला. पाठीवर चौकोनी पिशवी, बुडाखाली मोटारसायकल, आणि सगळ्या वर्ध्यातल्या स्वयंपाकघरांची खबर. त्यातही त्याला नाद होता बर्गरचा. दुसरी पोरं क्रिकेटवर बोलतात तसा तो बर्गरवर बोले. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून त्याचं सुरू होई.

"आई, नागपूर रोडवर नवं हाटेल उघडलं. एसी. बाहेर बर्गरचा फोटो परातीएवढा. हातात आला तं लिंबाएवढा!"

"मंग खाल्ला काऊन?"

"पाहा लागते ना. पाव दाबला तं दबूनच राह्यला. पाव कसा पाह्यजे, बोटानं दाबला का परत वर आला पाह्यजे. टिक्की आतून गरम पाह्यजे. कांदा आजचा कापेल पाह्यजे. अन् चटनी कोपरापर्यंत वाह्यली नाई पाह्यजे."

"बर्गर खाले गेलता का पोरगी पाह्यले?"

"पोरगी पसंत कराले येवढा टाइम नाई लागत, आई."

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसे. बर्गर तिनं कधी चाखला नव्हता, पण कोणाचा पाव कोरडा आणि कोणाच्या टिक्कीत बटाट्यापेक्षा मैदा जास्त, हे तिला पाठ झालं होतं.

"अन् नंबर एक कोनाचा?" ती विचारी.

"ते नाई सांगनार. तुले नेऊन दाखवीन."

"मी बाहेरचं खात नाई, तुले माहीत आहे."

"नोको खाऊ. नुसती चाल. मी खाईन, तू पाह्यजो."

"पाहू," ती म्हणे. नाही म्हणायचं जिवावर आलं की वच्छलाबाई 'पाहू' म्हणते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्या दोन सवयी तिला फार आवडत. एक म्हणजे घरात शिरण्याआधी तो अंगणातल्या नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुवी, चूळ भरी आणि बडीशेप चघळत आत येई. "माहा प्रफुल लय साफ," ती शेजारणींना सांगे. दुसरी सवय लहानपणापासूनची. ताटात तो शेवटचे दोन घास ठेवूनच उठे. ते उष्टं ती मोरीपाशी उभ्या उभ्याच खाई. एकदा भजनातल्या अनुसयाबाईनं टोकलं होतं, "माळकरीन अन् उष्टं खाते?" वच्छलाबाई म्हणाली होती, "लेकराचं उष्टं म्हंजे का उष्टं असते?"

उन्हाळ्यात, भर दुपारी, सेवाग्रामच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्याला मागून उडवलं. पाठीवरच्या पिशवीत कोणाचं तरी जेवण होतं. सगळं आटोपल्यावर ती पिशवी घरी आली, तेव्हा आतली पनीरची भाजी आंबली होती. दिपालीनं पिशवी नळावर धुतली, उन्हात उलटी टांगली, आणि तिच्याखालीच बसून राहिली.

सुतकाच्या घरात फोडणी देत नाहीत, कढई चढत नाही. शेजारचे वरणभात आणून देत होते. बैठकीला प्रभाकरराव बसत. हे वच्छलाबाईचे मोठे दीर, कापडाचे दुकानदार, भजनी मंडळाचे प्रमुख. तोंडाचे तिखट, पण प्रफुलला दवाखान्यातून घरी आणताना खांद्यावर घेतलं ते त्यांनीच, आणि त्या दिवसापासून त्यांचा तो खांदा खाली झुकलेला होता.

"दहाव्याले काय काय ठेवाचं ते सांग," ते म्हणाले. "पुरन, वडे, खीर, भात. अजून काय आवडे त्याले?"

"बर्गर."

"काय?"

"बर्गर आवडे त्याले, भाऊजी."

बसलेल्यांतला कोणीतरी फिस्सकन हसला आणि खोकल्यासारखं केलं.

"पिंडाजोळ बर्गर?" प्रभाकरराव म्हणाले. "कावळा काय कालेजात शिकेल आहे, वच्छला?"

"जे त्याले आवडे ते मी ठेवीन." तिचा आवाज कापत नव्हता. "या वक्ती मले गवताचा कावळा नाई पाह्यजे, भाऊजी."

यावर कोणी हसलं नाही. त्या दिवशी नदीवर ते सगळेच होते. प्रभाकरराव बराच वेळ टोपीची घडी मोडत आणि घालत राहिले.

"ठेव. पन शुद्ध शाकाहारी पाहून आनजो. अंड्याचं बोटसुद्धा लागेल नाई पाह्यजे. माळकऱ्याचं घर आहे."

माणसं गेल्यावर दिपाली म्हणाली, "मी घेऊन येईन एक. स्टेशनजोळ भेटते."

"एक कसा? नंबर एकचा पाह्यजे."

"आई, कावळ्याले काय समजते?"

"त्याले समजते ना," वच्छलाबाई म्हणाली. "कोनाचा होता? तुले कधी सांगतलं त्यानं?"

दिपाली खाली वाकून फरशीवरचा नसलेला कचरा उचलू लागली. "मले नाई माहीत," ती म्हणाली.

मग मायलेकी निघाल्या. सुतकात, उन्हात, दिपालीच्या स्कुटीवर. पोरीनं तोंडाला स्कार्फ बांधलेला, माय पदर नाकापर्यंत ओढून मागे बसलेली. हे काम त्या कशा करत ते सांगायलाही कसंसंच वाटतं. वच्छलाबाई खाणार नाही, म्हणजे खायचं दिपालीनं. भाऊ जाऊन आठवडा झाला नाही, पोरीच्या घशाखाली वरणभात उतरत नव्हता, आणि माय तिच्यासमोर बर्गर ठेवून आधी बोटानं पाव दाबून बघे, मग म्हणे, "खा. टिक्की आतून गरम आहे का सांग."

नागपूर रोडवरच्या त्या एसी हॉटेलात काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. "काकू, व्हेज की चीज? मील घेणार का?"

"प्रफुल यायचा इथं," वच्छलाबाई म्हणाली. "पिशवीवाला. उंच. दाढी ठेवे थोडी."

मुलीचा चेहरा उतरला. तिला ठाऊक होतं. "ऑर्डर न्यायला यायचे. पण इथं खायचे नाहीत, काकू. मला चिडवायचे, तुमच्या पावाला फ्रीजचा वास येतो म्हणायचे."

"येते," दिपाली घास चावत म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती चावत होती.

स्टेशनजवळच्या गाडीवर पाव दबला तो वर आलाच नाही. बजाज चौकातल्या दुकानात टिक्की आतून गार निघाली. तिथून बाहेर पडताना अनुसयाबाई समोर उभी. दिपालीच्या हातात अर्धा खाल्लेला बर्गर, ओठाला सॉस.

"अवं माय!" अनुसयाबाईनं छातीवर हात ठेवला. "सुतकात पार्टी?"

"दहाव्यासाठी पाहून राह्यलो," वच्छलाबाई म्हणाली.

"पाहून राह्यल्या का खाऊन राह्यल्या?"

संध्याकाळपर्यंत नालवाडीत सगळ्यांना समजलं. पण त्याआधी अजून एक झालं. चौकाच्या पुढे जाऊन दिपालीनं स्कुटी थांबवली, लिंबाखाली वाकली आणि सगळं ओकून टाकलं.

"आई, मले नाई जात आता."

वच्छलाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, बाटलीतलं पाणी हातावर ओतून पोरीचं तोंड धुतलं. मग म्हणाली, "एकच राह्यला. कालेज रोडचा. तिथं नोको खाऊ, नुसता दाबून पाहू."

कॉलेज रोडवर समीक्षा नावाच्या बाईचं लहानसं हॉटेल होतं. पाटीवर ठळक अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी'. वच्छलाबाईनं पाव दाबला. तो हळूहळू वर आला. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा वर आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काही हललं.

"प्रफुलभाऊ इथं बसायचे," समीक्षा खुर्ची ओढत म्हणाली. "या कोपऱ्यात. मी पाव स्वतः भाजते म्हणून त्यांना आवडायचा. पण मला पूर्ण मार्क कधी नाही दिले हो. 'ताई, तुमचा नंबर दोन.' भांडायचे मी. म्हटलं, एक कोणाचा ते तरी सांगा. नुसते हसायचे."

"आई, हाच घेऊ," दिपाली घाईनं म्हणाली. "चांगला आहे. शुद्ध आहे. चाल घरी."

"नंबर दोन आहे हा."

"आई, मी म्हनते ना, चाल!"

वच्छलाबाईनं लेकीकडे पाहिलं. समीक्षाला त्या आवाजातलं काही कळलं नाही, ती आपल्या ओघात बोलत राहिली, "आर्वी नाक्याला प्रेमदासची गाडी आहे ना, संध्याकाळी सगळे पिशवीवाले तिथं उभे असतात. त्याला विचारा, तो सांगेल."

आर्वी नाक्यापर्यंत दिपाली स्कुटी इतकी हळू चालवत होती की सायकली पुढे जात होत्या.

प्रेमदास तवा पुसत होता. गाडीच्या कपाळावर लाल रंगात लिहिलेलं होतं: चिकन बर्गर, चिकन रोल, अंडा पाव. वच्छलाबाई अक्षर ना अक्षर वाचत उभी राहिली. वास आला, तरी तिनं पदर नाकावर घेतला नाही. तिला त्या वासाखाली दुसराच एक वास आठवला, अंगणातल्या नळावरच्या साबणाचा. आणि बडीशेप.

"प्रफुलची आई ना तुम्ही?" प्रेमदासनं फडकं खाली ठेवलं. "चेहरा तोच आहे. बसा, माय." त्यानं स्टूल पुढे केलं, मग स्वतःच्याच गाडीकडे बघून ओशाळला. "इथं कसं बसान म्हना."

"नंबर एक तुहा का?"

"म्हने तो तसं." तो तव्याकडे बघत बोलू लागला. "पाव माहा रोजचा असते. पन त्याले चटनीचा नाद. लसनाची लाल चटनी, भिवापुरी मिरचीची. सॉस नोको म्हने, त्या लाल पान्यानं पोरं बिघडली. दुपारी एक अन् राती घरी जाताना एक. मंग तिथं ते पिंप आहे ना, तिथं हात धुवे. मी म्हनो, अबे घरी धूजो. तं म्हने, घरी बी धुतो. दोनदा धुवा लागते, माही आई वासानं वळखते."

"वळखलं नाई मी," वच्छलाबाई म्हणाली.

"मी एक डाव म्हटलं, सांगून टाक मायले. मोठा झाला, खाते पोट्टा बाहेर. तं म्हने, नाई, तिनं माह्या बापासाठी माळ घातली. तिले समजलं तं ती मले वाढीन, पन जेवनार नाई."

प्रेमदासला वाटलं आपण जास्त बोललो. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर वच्छलाबाई दुकानाच्या पायरीवर बसली, जिथं तो बसायचा.

"तुले माहीत होतं?"

"हाव," दिपाली म्हणाली.

"कधीपासून?"

"कालेजात होता तेव्हापासून. मले म्हने, आईले सांगतलं तं तुही स्कुटी पंक्चर करीन." दिपाली हसायला गेली आणि रडायला लागली. "मले वाटलं, तू समीक्षाताईचा घेशील अन् होईन सगळं. कावळा आला असता तं आला असता."

"तू बी खाते?"

"नाई. एकदा. त्यानंच खाऊ घातलं."

"कसं होतं?"

दिपालीला वाटलं आई रागानं विचारते आहे. वर बघितलं तर तसं नव्हतं. आईला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तिखट," दिपाली म्हणाली.

दहाव्याच्या दिवशी सकाळी प्रेमदासनं कधी नव्हे ती गाडी लवकर लावली. सांगितल्याप्रमाणे एकच बर्गर केला, कागदात गुंडाळला, आणि हात जोडून उभा राहिला. वच्छलाबाईनं तो स्टीलच्या डब्यात ठेवला. समीक्षाकडचा दुसऱ्या डब्यात होता. दोन डबे, दोन फडकी. एक उघडा हातात, एक पदराखाली.

धाम नदीला पाणी कमी होतं. खडकांमधून एक धार वाहत होती. प्रभाकररावांच्या धीरजनं, म्हणजे प्रफुलच्या चुलतभावानं, डोकं भादरून विधी केला. पिंड मांडला. पुरण, वडे, खीर ठेवली. शेवटी वच्छलाबाईनं समीक्षाचा बर्गर पानावर ठेवला. हसलं कोणी नाही, पण सगळ्यांनी मान वाकडी करून बघितलं.

कावळे होते. पलीकडच्या काठावर कोणीतरी टाकलेल्या शिळ्या पोळ्यांवर होते. त्यातला एक उडून अलीकडच्या बाभळीवर आला आणि तिथेच बसला.

माणसं पुढे होऊन बोलू लागली. धीरज म्हणाला, "प्रफुलभाऊ, तुही गाडी मी विकनार नाई. मीच चालवीन." कावळा हलला नाही. प्रभाकररावांनी टोपी काढली. "बेटा, दिपालीचं लग्न माह्याकडे लागलं. माह्या पोरीसारखं करीन. जा आता." त्यांचा आवाज शेवटच्या शब्दावर फाटला. कावळ्यानं चोच फांदीवर घासली. दिपाली काहीतरी पुटपुटली, ते कोणालाच ऐकू आलं नाही. ऊन वर आलं. खिरीवर माशा बसल्या. म्हाताऱ्या लक्ष्मणरावांना कोणीतरी सावलीत नेलं.

"किती वेळ थांबायचं?" महाराज शेवटी म्हणाले आणि त्यांचा हात पिशवीतल्या दर्भाकडे गेला.

"थांबा," वच्छलाबाई म्हणाली. तिनं पदराखालचा डबा काढला.

झाकण उघडलं तसा वास आधी प्रभाकररावांनाच लागला. "काय आहे ते?"

"त्याचं आहे."

"वच्छला. कोंबडी आहे ते?"

मागे कुजबुज उठली. महाराज दोन पावलं मागे सरले. अनुसयाबाईनं मोठ्यानं "राम राम राम" म्हटलं.

"ठेवू नोको," प्रभाकरराव म्हणाले. ओरडले नाहीत, विनवणी केल्यासारखे म्हणाले. "गळ्यात माळ आहे तुह्या. माह्या बी आहे. माहा पुतन्या असं खाये नाई."

"खाये, भाऊजी. चोरून खाये. माह्या भेवानं चोरून खाये."

तिनं वेगळं पान मांडलं, पिंडापासून हातभर दूर. त्यावर बर्गर ठेवला आणि मागे येऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत. वचन काही दिलं नाही.

कावळा उतरला. बाभळीवरून सरळ, मध्ये कुठे न थांबता. "शिवला!" धीरज ओरडला. "शिवला, काकू, शिवला!" कावळ्यानं एक पाय पावावर रोवला, चोच आत घातली, मान झटकून मांसाची टिक्की ओढून काढली, आणि ती घेऊन पलीकडच्या काठाला उडून गेला. भाताच्या पिंडाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

बायांपैकी दोघी-तिघी रडू लागल्या. कोणी म्हणालं झालं, कोणी म्हणालं नाही झालं. मग सगळे महाराजांकडे बघू लागले.

"पिंडाला शिवला नाही," महाराज म्हणाले. "घास नेला फक्त."

प्रभाकरराव वच्छलाबाईजवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग उरला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "कोंबडीवर आला तो, वच्छला," ते हळू आवाजात म्हणाले. "कावळाच तो. कोनाच्याही कोंबडीवर आला असता. आपला प्रफुल नाई तो."

पलीकडच्या खडकावर कावळा टिक्की पायाखाली धरून तोडत होता, आणि दुसरे दोन त्याच्याकडून ओढून घेत होते. वच्छलाबाई बघत राहिली. खरंही असेल. गवताचा कावळा खोटा होता हे तिला ठाऊक होतं. आता हाडामासाचा येऊन गेला आणि तोही खरा की खोटा ते कळायला मार्ग नव्हता. नवऱ्याच्या वेळी एक कोडं घरी नेलं होतं. आता दुसरं न्यायचं होतं.

महाराजांनी दर्भाच्या काड्या काढल्या आणि वळायला घेतल्या.

वच्छलाबाई पुढे गेली, पानापाशी खाली बसली. पाव पडला होता, दोन फाकी झालेल्या, मध्ये लाल चटणी. वरच्या फाकीवर कावळ्याच्या नखांचे तीन खड्डे होते. तिनं एका खड्ड्याशेजारी बोट ठेवलं आणि दाबलं. बोट काढल्यावर पाव हळूहळू वर आला.

तिनं तो उचलला आणि घास घेतला.

"वच्छला!" प्रभाकररावांनी तिचा दंड धरला. "काय करून राह्यली? तुले समजते काय, काय आहे ते?"

तोंडात घास होता. तो चावून गिळेपर्यंत ती बोलली नाही.

"उष्टं आहे त्याचं," ती म्हणाली. "टाकू काय?"

त्यांचा हात आपोआप सुटला. बाया पदर सावरत घाटावरून मागे सरकल्या, जागा रिकामी होत गेली, आणि त्या रिकाम्या जागेत ती एकटी बसून दुसरा घास घेत होती. माळ गळ्यातच होती. तिनं ती काढली नाही, झाकलीही नाही. पाठीमागे महाराजांनी गवताचा कावळा पिंडाला टेकवला. "शिवला," ते म्हणाले, आणि माणसं आंघोळीला खाली उतरली.

पाव गार होता. चटणी मात्र जीभ भाजेल अशी. वच्छलाबाईच्या कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं, डोळ्यांना धार लागली. सुतकात फोडणीचा कण पोटात गेला नव्हता, त्यामुळे जास्तच झोंबलं. दिपाली धावत आली, बाटलीचं झाकण उघडून तिनं ती पुढे केली.

"पानी पे, आई."

वच्छलाबाईनं बाटली हातात घेतली आणि मांडीवर ठेवली. तोंडातलं तिखट तिला इतक्यात धुऊन टाकायचं नव्हतं.